पॅकेज टाकलं की सर्व्हिस आपोआप सुरू व्हायला हवी का?

सर्व्हर_शिकतोय: उबुंटूवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) इन्स्टॉल केलं तर लगेच पोर्ट ८० वर चालू पण झालं, मी अजून कॉन्फिग फाईल उघडलीही नव्हती. ऑफिसमधल्या रॉकी लिनक्सवर असं होत नाही, तिथे स्वतः स्टार्ट आणि एनेबल (रीबूटनंतर आपोआप सुरू व्हावं म्हणून) करावं लागतं. यातलं बरोबर काय आणि उबुंटूत हे थांबवता येतं का?

टर्मिनलकर: डेबियन घराण्याची ही जुनी पद्धत आहे, उबुंटूत तिथूनच आली. पॅकेजमधली पोस्टइन्स्ट स्क्रिप्टच (इन्स्टॉल होताना शेवटी आपोआप चालणारी) सर्व्हिस चालू करते. फेडोरा-रेडहॅटकडे सिस्टीमडीचे (सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) प्रीसेट असतात, म्हणजे कोणत्या सर्व्हिस एनेबल करायच्या त्याची यादी, आणि यादीत नाव नसेल तर सर्व्हिस बंदच राहते. मला डेबियनचं पटतं, कारण माणूस डेटाबेस टाकतो तो वापरायलाच ना? पोस्टग्रेस डेटाबेस टाकलं की क्लस्टर (त्याची डेटा ठेवायची जागा) तयार होऊन पोर्ट ५४३२ वर चालू, आणि ऐकतं फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून, बाहेरून कोणी घुसत नाही. रॉकीवर आधी इनिटडीबी करा (ते क्लस्टर स्वतः तयार करा) मग स्टार्ट करा, नवीन पोरं तिथेच अडकतात.

रात्रपाळी: @टर्मिनलकर दादा, पोस्टग्रेसचं ठीक आहे हो, पण ओपनएसएसएच सर्व्हरचं (दुरून लॉगिन करायला लागतो तो) काय? तो टाकल्या टाकल्या २२ वर सगळ्या इंटरफेसवर ऐकायला लागतो, पासवर्ड लॉगिन चालू असतं, आणि मशीनला पब्लिक आयपी असेल नि कोणाचा पासवर्ड कच्चा असेल तर तुम्ही कॉन्फिगला हात लावायच्या आधीच बॉट दार ठोठावत असतात. टाकणं वेगळं आणि चालू करणं वेगळं, दुसरा निर्णय सर्व्हर सांभाळणाऱ्यानेच घ्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्यासाठी: इन्स्टॉलच्या आधीच सिस्टीमसीटीएलने एनजिनएक्स मास्क करून ठेव, म्हणजे ती सर्व्हिस सुरूच होऊ शकणार नाही; युनिट (सर्व्हिसची फाईल) अस्तित्वात नाही असं म्हणेल पण मास्क करेल. मग पॅकेज टाक, कॉन्फिग लिही, अनमास्क करून स्टार्ट कर.

डब्बा_इमेज: एकाच पॅकेजला मास्क बेस्ट. सगळ्यांनाच थांबवायचं असेल तर यूएसआर-एसबिन फोल्डरमध्ये पॉलिसी-आरसी.डी नावाची स्क्रिप्ट ठेवायची, एक्झिट कोड १०१ (म्हणजे सुरू करायला मनाई) देणारी, आणि तिला एक्झिक्युटेबल करायचं. डॉकरच्या (कंटेनर चालवायचं साधन) डेबियन इमेजमध्ये हेच असतं. पण खऱ्या सर्व्हरवर काम झालं की ती काढ, नाहीतर पुढे सिक्युरिटी अपडेट आला तरी पॅकेजला सर्व्हिस रीस्टार्ट करता येत नाही आणि फाईल नवीन असून जुनाच कोड मेमरीत चालत राहतो, अपडेट झालंय असं आपण समजून बसतो.

सर्व्हर_शिकतोय: मास्क चाललं, धन्यवाद. अनमास्क केल्यावर एनेबल आहे का तेही तपासू ना?

रात्रपाळी: हो, तपासच, नसेल तर एनेबल कर, म्हणजे रीबूटनंतर पण वर येईल.