‘तौबा’ला मराठीत काय म्हणावं?

(बोलणारे आपापल्या भागाच्या नावानं.)

शाहूपुरी: इस्लामवरच्या एका उर्दू पुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासतोय. ‘तौबा’ला, म्हणजे पाप सोडून अल्लाहकडं वळण्याला, सगळीकडं ‘प्रायश्चित्त’ लिहिलंय. खटकतंय. ‘तोबा गर्दी’ सोडली तर आपण हा शब्द वापरतो तरी कुठं?

कसबा बावडा: ‘पश्चात्ताप’ करून टाका की. आणि ‘गुनाह’ला ‘पाप’च ठेवा. ‘गुन्हा’ म्हटलं की पोलीस ठाणं आठवतंय.

मंगळवार पेठ: प्रायश्चित्त नकोच. त्याला कुरआनात वेगळा शब्द आहे, कफ्फारा. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, नाहीतर गुलाम मुक्त करायचा. यातलं काहीच जमत नसेल तर तीन रोजे (5:89, म्हणजे सूरा 5, आयत 89). तौबाला असा हिशेब नाही. पाप सोडायचं, मनाला लागलं पाहिजे, परत न करण्याचा निश्चय हवा, आणि कुणाचा हक्क बुडवला असेल तर तो द्यायचा. दुसऱ्याचे पैसे दाबून ‘तोबा तोबा’ करणारे आपल्या गल्लीतही आहेत, असो.

‘तौबा’च्या मूळ अरबी धातूचा अर्थ परतणं, माघारी वळणं. हेच क्रियापद अल्लाहसाठीही येतं. आदम चुकला, मग अल्लाह त्याच्याकडं वळला (2:37). ‘तव्वाब’ हे अल्लाहचं नाव त्यातूनच. तिथं ‘पश्चात्ताप’ कसा बसवणार, बावडेकर?

राजारामपुरी: चाचा, शिक्षेला ‘हद’ म्हणतात, ती आपलीच ‘हद्द’ का?

मंगळवार पेठ: तीच. आपल्या शहराची हद्दवाढ गाजते ना, तो अर्थ मुळाला जास्त जवळचा. कुरआनात ‘हुदूद’ म्हणजे अल्लाहनं आखलेल्या सीमा. रोजाच्या संदर्भात 2:187, तलाकच्या संदर्भात 2:229. ‘ठरलेली शिक्षा’ हा अर्थ पुढं फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, रूढ झाला. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांनी 1965 साली यावर लेखच लिहिला. सीरियाचे विचारवंत मुहम्मद शहरूर 1990 मध्ये म्हणाले की चोराचा हात तोडणं ही कमाल सीमा, न्यायाधीशाला त्याच्या खाली थांबता येतं. पारंपरिक उलेमांना (धर्मपंडितांना) ते पटलं नाही. मलाही एका शब्दावर एवढा भार टाकणं ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा आयतींचा क्रम बघा. 5:38 मध्ये हात तोडण्याचा हुकूम, आणि लगेच 5:39 मध्ये तौबा करून सुधारणाऱ्याला माफी. वाटमारी करणाऱ्यांनी पकडले जाण्याआधी तौबा केली तर सूट आहे, हे 5:34 मध्ये स्पष्टच आहे. चोराला तशी सूट मिळते का, यावर फकीहांत (फिक्हच्या पंडितांत) जुना वाद.

शाहूपुरी: मग नाम ‘तौबा’च ठेवतो, क्रियापदाला ‘वळणे’. आता ‘अजाब’. अनुवादकानं सगळीकडं ‘नरकयातना’ लिहिलंय.

मंगळवार पेठ: 24:2 मध्ये शंभर फटक्यांनाही अजाबच म्हटलंय, तिथं नरक कुठून आणणार? ‘शिक्षा’ घ्या. कवी-विचारवंत इक्बाल तर 1930 च्या व्याख्यानसंग्रहात जहन्नमलाही कायमची छळकोठडी मानत नाहीत, माणसाला सुधारणारा अनुभव म्हणतात. पुस्तिकेचा लेखक कुठल्या मताचा आहे ते आधी बघा, मग शब्द ठरवा.