चुन्यातल्या जुन्या भिंतीला खालून ओल, सिमेंटचा गिलावा टिकत नाही

कौलारू:
भिंती १८ इंची, विटा चुन्यात बांधलेल्या. आतून जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत लोणा (पांढरे क्षार) आणि पोपडे. आधीच्या दुरुस्तीत त्या पट्ट्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवलाय. आता ओल त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला फुटते. बाहेर भिंतीला टेकून सिमेंटचा कोबा आहे. भिंतीत छिद्रं पाडून ओल अडवणारा थर करणारं रासायनिक इंजेक्शन द्यावं का?

दर्जा_भरणी:
इंजेक्शन सगळ्यात शेवटी. आधी कोबा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी. भिंतीलगतचा फूटभर कोबा कापून तिथे खडी भरा, म्हणजे जमिनीतली ओल तिथूनच उडेल. पाया उघडा पडेल इतकं खणू नका. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब सोडा.

मग सिमेंट काढा. चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटने ती कोंडली की गिलावा संपतो तिथपर्यंत चढते. तुमच्याकडे तेच चाललंय. ओलीच्या रेघेच्या वर आणखी दीड फुटापर्यंत गिलावा उतरवा, तेही छन्नी-हातोड्याने. ब्रेकरने जुन्या विटांचे पापुद्रे उडतात. दर्जा (विटांमधले सांधे) इंचभर खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून भुकटी घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

नवा गिलावा: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली जाडी-बारीक मिसळ वाळू. पिशवीतली चुन्याची भुकटी असेल तर २४ तास आधी भिजवून लगदा करा. एक थर १० मिमीपेक्षा जाड नको. खालच्या थरावर नखाने जेमतेम ओरखडा उठेल इतका तो घट्ट झाला की पुढचा. ऊन-वाऱ्यापासून झाकून दमट ठेवा, नाहीतर भेगा ठरलेल्या. वर फक्त चुन्याची सफेदी. इतकी जाड भिंत पुरती सुकायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे सुरुवातीला थोडा लोणा आला तर झाडून टाका, पुट्टी मारू नका.

नळजोड:
फोडण्याआधी गळती तपासा. सगळे नळ बंद ठेवून रात्री आणि सकाळी मीटरचा आकडा बघा. जमिनीतून चढलेल्या ओलीची रेघ साधारण सपाट असते, गळतीचा डाग एका जागी फुगतो.

कौलारू:
मीटर हलत नाही. पण न्हाणीघरालगतच्या भिंतीवर रेघ चार-साडेचार फुटांवर आहे.

नळजोड:
सांडपाणी मीटरवर दिसत नाही. न्हाणीघराच्या जाळीखालचं तोंड बुच्चाने बंद करा, इंचभर पाणी साठवा, खूण करून २४ तास ठेवा. पातळी ठळक उतरली तर फरशीचे सांधे किंवा जाळीभोवतीची जागा गळते. बुच्चा काढल्यावरच ओल वाढत असेल तर खालचा पाइप.

दर्जा_भरणी:
एवढं करूनही रेघ चढलीच तर इंजेक्शन: जमिनीपासून सहा इंचांवरच्या आडव्या दर्जात १२ मिमीची छिद्रं, साडेचार इंचांच्या अंतराने, पलीकडे दीड इंच राखून. आत भिंत पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर रसायन पोकळीत साचतं, थर अखंड होत नाही. अशा भिंतीत मी सुचवणार नाही.

फेज_न्यूट्रल:
त्या पट्ट्यातले स्विचबोर्ड विसरू नका. छन्नी लावण्याआधी मेन बंद. गंजलेल्या लोखंडी पेट्या काढून बोर्ड ओलीच्या रेघेच्या वर न्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.