मदत हवी आहे: स्कॅनर जोडल्याची सूचना नेमकी कुणाकडून घ्यावी?

नमस्कार मंडळी. म्हापशातल्या आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी लिनक्सवर छोटा प्रोग्रॅम लिहितोय. यूएसबी बारकोड स्कॅनर जोडला की कर्नल (लिनक्सचा गाभा) नेटलिंक सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रॅमना संदेश देण्याच्या त्याच्या वाहिनीवर, ‘ॲड’चा (नवं उपकरण जोडल्याचा) संदेश पाठवतो. तो थेट ऐकून मी लगेच ‘टीटीवायएसीएम०’ ही स्कॅनरची डिव्हाइस फाइल उघडतो आणि तिथेच ‘परवानगी नाही’ येतं. क्षणभराने उघडलं तर चालतं! मला वाटतं, यूडेव्हचे (उपकरणांच्या फाइली सांभाळणाऱ्या सेवेचे) नियम लागून फाइलचा गट, म्हणजे ती कुणाला उघडता येईल ते, बदलायच्या आतच मी घुसतोय. ‘स्लीप’ टाकून, म्हणजे प्रोग्रॅमला थोडा वेळ नुसतं थांबवून, वेळ मारून नेणं पटत नाही. काउंटरवरच्या काकू रोज स्कॅनर काढून कपाटात ठेवतात, सकाळी पुन्हा लावतात, आणि तेव्हा रांग असते. नियम लावून झाल्यावर यूडेव्ह जो संदेश पुढे पाठवतो, तो लिबयूडेव्ह या त्याच्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीमधून ऐकावा का? प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच जोडलेला स्कॅनर मग कसा शोधायचा?