डोकं नावावर आलं म्हणून मुखपृष्ठ बिघडत नाही

आपल्या सोलापूरच्या गाण्याच्या अंकाच्या कच्च्या मुखपृष्ठात गायिकेचं डोकं अंकाच्या नावावर आलंय, ते खाली घ्या, असं वर दोघांनी सुचवलंय. मला ते पटत नाही. संगीत मासिकं हे मुद्दाम करतात. 'रोलिंग स्टोन'चे जुने-नवे अंक चाळा, नावाची मधली अक्षरं केसांमागे गेलेली कितीदा तरी दिसतील. चेहरा पुढे आला की चित्राला खोली येते.

मात्र ते मासिक 1967 पासूनचं, नाव अर्धं झाकलं तरी वाचक ओळखतो. आपला अंक पहिलाच. शिवाय देवनागरीत शिरोरेषा आणि वरच्या मात्रा-वेलांट्या झाकल्या की शब्दच हरवतो. म्हणून केसांची कड फक्त एका अक्षराच्या खालच्या भागावर येऊ द्या, वरची रेघ अखंड ठेवा. एवढं जमलं तर फार देखणं दिसेल!

डाव्या कडेचंही बघा. स्टेशनवरच्या स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून मांडतात, बऱ्याचदा डावी पट्टीच तेवढी दिसते. ब्रिटनच्या 'क्यू' या संगीत मासिकाच्या नावाचा लाल चौकोन डाव्या कोपऱ्यात असायचा, तो अशा गर्दीतही दिसणारच. आपली मुख्य मुलाखतीची ओळ उजवीकडे तळाला गेलीय, ती डावीकडे वर आणा.

आणि फोटो कृपया डोळे मिटून तान घेतानाचा नको. गायिका थेट वाचकाकडे बघतेय असा, छातीपर्यंतचा घ्या. तानपुरा मागे अर्धवट दिसला तरी पुरे.