विद्यापीठातल्या संशोधनाने आमचा कचरा जिरला नाही

मुलुंडचा सेक्रेटरी: काल इथे एकाने लिहिलं, "मुंबई शाश्वत होईल ती विद्यापीठांतल्या संशोधनामुळे, सोसायट्यांनी फक्त साथ द्यावी." साथ दिली की काय होतं ते सांगतो. 2017 मध्ये पालिकेने फर्मावलं, रोज शंभर किलोच्या वर कचरा असेल तर ओला कचरा आवारातच जिरवा. आम्ही वर्गणी काढून खताचं मशीन घेतलं. माहितीपत्रकावर छापलेलं, 'विद्यापीठात तपासलेलं तंत्रज्ञान, चोवीस तासांत खत'. बाहेर पडली कॉफीच्या रंगाची कोरडी पूड. बायकोने गच्चीवरच्या तुळशीला घातली, पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी कुंडीभर पांढरी बुरशी आणि आंबलेल्या भाताचा वास. तुळस गेली. विजेचं बिल बघून सभासद माझ्या अंगावर आले. चौदा महिन्यांत मशीनला कुलूप.

माटुंग्याचा केमिकलवाला: साहेब, तुमचं मशीन कचरा कुजवत नव्हतं, वाळवत होतं. हीटरने पाणी उडालं की वजन घटतं, पण अन्न तसंच राहतं. पाणी मिळालं की पुन्हा सडायला लागतं. खत पिकायला आठवडे लागतात, हे कुठल्याही प्रयोगशाळेत विचारा. फसवलं विक्रेत्याने आणि शिव्या संशोधकांना? आयआयटीत शंकर सरांनी माती, गांडुळं आणि जिवाणूंवर सांडपाणी शुद्ध करायची पद्धत बसवली. ट्रॉम्ब्यात शरद काळे यांनी निसर्गऋण उभं केलं, ओल्या कचऱ्यापासून गॅस. हे संशोधन नाही का?

मुलुंडचा सेक्रेटरी: ट्रॉम्बे म्हणजे बीएआरसी, भाभा अणुसंशोधन केंद्र. विद्यापीठ कधीपासून झालं?

कांदिवलीची सुलभा: निसर्गऋणलाही कचरा निवडूनच लागतो. हाड, करवंटी आत गेली की क्रशर अडतो. खरं दुखणं तिथे आहे. आमच्या विंगमध्ये ओल्या डब्यात डायपर आणि पॅड निघतात. घरकामाच्या बायका काहीही कुठेही टाकतात, किती वेळा सांगायचं?

गोवंडीची लेक: घरकामाच्या बायका? माझी आई वीस वर्षं सोसायट्यांचा कचरा उचलत होती. पॅड तुमच्या घरातले, तुमच्या हाताने टाकलेले. 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं, नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचं. कागदाचा एक तुकडा लागतो. आई उघडे पॅड हाताने वेगळे करायची. हातमोजे मागितले तर एका सेक्रेटरीने सांगितलं, 'पुढच्या मीटिंगला बघू'. जेवायला बसली की आधी तीनदा हात धुवायची, तरी भाकरी डाव्या हाताने धरायची नाही.

कांदिवलीची सुलभा: माझ्यावर कशाला ओरडता? मी गुंडाळूनच देते. बाकीच्या चाळीस घरांची जबाबदारी माझी नाही.

गोवंडीची लेक: मग बायकांच्या नावावर कशाला खपवलंत?

कलिन्यातला पीएचडीवाला: मी ओल्या कचऱ्यावरच काम करतो, म्हणून थोडं बोलतो. आमच्या नमुन्यातला कचरा मी स्वतः निवडलेला असतो, भाजीची देठं, भात, फळांच्या साली. सोसायटीचा डबा मी एकदाच उघडला, मासळीच्या पिशवीत बॅटरीचे सेल होते. एका डब्याला दोन तास लागले. पेपर लिहिताना ते दोन तास मोजलेच नाहीत. पण सेक्रेटरीसाहेब, आमची फेलोशिप महिनोन्महिने अडकते, टायट्रेशनची रसायनं पदरच्या पैशाने आणतो. वर तुम्ही म्हणता विद्यापीठाने काही केलं नाही.

माटुंग्याचा केमिकलवाला: ते दोन तास मोजायला हवे होते. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना शिकवून बायोगॅस प्लांट त्यांच्या हाती दिले. चालवणारं माणूस ठरलेलं असलं की प्लांट चालतो. आम्ही यंत्र काढतो आणि पुढच्या प्रकल्पाला लागतो, हे मात्र खरं आहे.

मुलुंडचा सेक्रेटरी: हे सुरुवातीलाच म्हणाला असतात तर एवढं लिहिलं नसतं. विक्रेत्याने फसवलं हा मुद्दाही मान्य, नाइलाजाने. पीएचडीवाले, कुलपाची किल्ली वॉचमनकडे आहे, पुडीच्या दोन गोण्या पडल्यात. तपासायला न्या. रिपोर्ट मराठीत द्या, जनरल बॉडीत वाचायचा आहे.

गोवंडीची लेक: जाणारच असाल तर सकाळी सातला जा. त्यांच्या आवारातल्या बाई तेव्हा डबे उपसतात. त्यांचे दोन तास मोजा. आणि सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडे हातमोजे आहेत का?