ट्रॅगस टोचायचाय? बंदूक नको, सुईच

कानाच्या छिद्रापुढचा तो छोटा उंचवटा, म्हणजे ट्रॅगस, नेहमीच्या सोनाराकडे बंदुकीने टोचून घेतला तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, अजिबात नको. कानाची पाळी मऊ असते, तिथे खपून जातं. ट्रॅगस म्हणजे कूर्चा, लवचीक हाडासारखा टणक भाग. बंदुकीतली बोथट कुडी ती चेंगरत आत जाते. शिवाय कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पिकलं तर लवकर आटोक्यात येत नाही. पोकळ सुईने टोचणारा शोधा, दागिना टायटॅनियमचा घ्या.

मी चाळिशीत टोचला. दुखलं फार नाही, पण सुई आत जाताना 'कर्र' असा आवाज थेट कानातच आला, त्यानेच जास्त दचकले! सूज येते म्हणून सुरुवातीला दागिन्याची दांडी मुद्दाम लांब घालतात, ती काही आठवड्यांनी आखूड करून घ्यायची असते. मी कंटाळा केला. तिसऱ्या महिन्यात केस पुसताना पंचाचा धागा अडकला, आणि पुढे पंधरा दिवस शेजारी लालभडक पुटकुळी. हळद-खोबरेल लावू नका (आईने लावलंच). निर्जंतुक सलाइन दिवसातून दोनदा, बास. पूर्ण भरायला 6 महिने ते वर्ष धरा, तोवर त्या कानात इअरफोन नाही.

आणि 'हे कसलं नवीन फॅड' म्हणणाऱ्या सासूबाईंना बुगडीची आठवण करून द्या. तीही कूर्चेतूनच घालायच्या की!