सात वर्षांच्या मुलाची दाढ काढायची आहे, तयारी कशी करू?

मुक्ता_सातारा
मुलाची खालची दुधाची दाढ पार किडली आहे, हिरडीवर पुळी आली आहे. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. शनिवारी अकराची वेळ आहे. दोन वर्षांपूर्वी मोठीची दाढ काढली तेव्हा दवाखान्यात कुणी काहीच सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिने बधिर ओठ चावून चावून सुजवला. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळट थर दिसला, आम्ही पू समजून रात्रभर जागे. यावेळी तसं नको. सासूबाई म्हणतात, "दात मोजायला नेतोय" असं सांगून न्या. तसंच करू का? उपाशी न्यायचं का?

ओपीडी_सिस्टर
मुक्ताताई, मी एकोणीस वर्षं मुलांच्या दातांच्या ओपीडीत आहे. फसवून आणू नका, एवढं हात जोडून सांगते. खुर्चीत बसल्यावर खोटं कळलं की मूल आईवरही विश्वास ठेवत नाही आणि आमच्यावरही. मागे एक सहा वर्षांची मुलगी आली होती, खुर्चीचे हात घट्ट धरून. "रक्त येईल?" तिने विचारलं. आई घाईने म्हणाली, "नाही गं." मी म्हटलं, "येईल, थोडंसं. मी गॉज देईन, ते तू दाबून धरायचंस. ते काम तुझं." दाढ निघाल्यावर तिने तो गॉज असा दाबला की अर्धा तास तोंड उघडायला तयार नव्हती!

त्याला आदल्या दिवशी सांगा, आठवडाभर आधी नको. "दुखणार नाही" म्हणू नका. मी सांगते, "दाढेला झोपवायचं औषध देऊ, दहा मोजेपर्यंत चिमटा बसेल." मग मुलाच्या अंगठ्याचं नख जोरात दाबून दाखवते: दाढ काढताना असा दाब लागेल, कर्रकर्र आवाज येईल, पण टोचणार नाही. दाब म्हणजे दुखणं नव्हे, हे आधी कळलं की निम्मं रडणं कमी होतं.

वजन त्याच दिवशी करून घ्या. बधिर करायचं लिग्नोकेन किलोमागे 4.4 मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत, त्यामुळे अंदाजाने सांगितलेलं वजन चालत नाही. एक आई 22 किलो म्हणाली, काट्यावर 18 भरले. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कशाची ॲलर्जी, जखमेतून रक्त लवकर न थांबणं, हे विचारायची वाट न बघता सांगा.

नुसतं बधिर करणार असतील तर उपाशी नको, तासदीड तास आधी हलकं खाऊ द्या. पूर्ण भूल देणार असतील तर वेगळं: जेवण, दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत.

आता ओठ. खालचा ओठ दोनतीन तास, कधी जास्तही, बधिर राहतो. तोवर झोपवू नका, खायला देऊ नका, शेजारी बसून लक्ष ठेवा. मोठीच्या ओठावरचा तो थर पू नव्हता, चावलेल्या जखमेवर तसाच पापुद्रा येतो. तुम्ही काही चुकला नाहीत, तुम्हाला सांगायला हवं होतं. गॉज अर्धा तास दाबायचा, रक्त थांबलेलं दाखवल्याशिवाय तिथून निघू नका. त्या दिवशी थुंकणं, चूळ, स्ट्रॉ काही नको, जमलेली गुठळी निघते. बधिरपणा गेला की गार दहीभात. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. उशीवर जुना टॉवेल टाका, रात्री लाळ गुलाबी येते. गॉज दाबूनही रक्त वाहतच राहिलं तर मात्र लगेच फोन करा. दुखण्यावर डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेलं पॅरासिटामॉल. ॲस्पिरिनची गोळी मुलांना अजिबात नाही.

बाबा_चिंचवड
जागा राखायचं विचारून घ्या. आमच्या मुलाची दुधाची मागची दाढ सहाव्या वर्षी काढली, पुढे काही केलं नाही. मागची कायमची दाढ पुढे सरकली. त्या दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात आता अकराव्या वर्षी यायला बघतोय तर त्याला जागाच नाही.

ओपीडी_सिस्टर
बरोबर. त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. बाजूच्या दाढेला पट्टी आणि तारेचा फास. एक्स-रे दाखवून नक्की विचारा.

मुक्ता_सातारा
काल झालं. वजन 21. नख दाबून दाखवलं होतं, खुर्चीत मलाच म्हणाला, "आई, हा दाबच आहे." दोन वाजेपर्यंत मांडीवर घेऊन बसले, ओठ शाबूत. पट्टीसाठी पुढच्या गुरुवारी बोलावलंय. दाढ डबीत मागून आणलीय, गावी आजोबांच्या कौलावर टाकायचीय म्हणतो.